देवळातली खुर्ची

माझ्याबद्दल एक गोष्ट आधीच सांगून टाकते, मी भांडकुदळ बाई आहे. एसटीत कंडक्टर म्हणून आयुष्य काढलं, आणि त्यात कितीजणांना आडरस्त्याला खाली उतरवलं ते माझं मलाच आठवत नाही. दारू पिऊन चढलेला असो, नाहीतर बायकांच्या सीटवर पाय पसरून झोपेचं सोंग घेणारा असो, कुणाची गय केली नाही. तेव्हा निवृत्त झाल्यावर मी भांडणं मिटवणाऱ्या संस्थेत जायला लागले म्हटल्यावर आमच्या आळीत लोक पोट धरधरून हसले. माझी थोरली बहीण म्हणाली, "चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या दिल्यान कुणीतरी." हसा म्हटलं. भांडण कशाशी खातात हे ज्याला माहीत नाही, तो ते मिटवणार काय, कपाळ?

संस्था म्हणजे काय, तर रत्नागिरीत एका पिठाच्या गिरणीवरच्या दोन खोल्या. गिरणी चालू झाली की टेबलावरचा चहा थरथरतो. ती सुरू केली एका म्हाताऱ्या वकिलांनी, आम्ही त्यांना सर म्हणतो. जन्मभर कोर्टात तारखा घेतल्या, आता तारखांशिवाय माणसं मोकळी होतात का बघू, असं त्यांच्या डोक्यात. आमची पद्धत साधी आहे. आम्ही निकाल देत नाही. ज्याने केलं आणि ज्याचं गेलं, त्या दोघांना समोरासमोर बसवतो. ज्याचं गेलं तो आधी बोलणार, दुसऱ्याने मध्ये तोंड घालायचं नाही. मग ज्याने केलं त्याने काय केलं ते स्वतःच्या तोंडाने सांगायचं, तेही समोरच्याकडे बघून. पुढे काय करायचं ते दोघांनी मिळून ठरवायचं. ऐकायला सोपं वाटतं. एकदा आपल्या जावेसमोर बसून करून बघा.

ती बाई आमच्याकडे आली तेव्हा चैत्र चालू होता. चाळिशीची असेल, पालीच्या अलीकडे डोंगरात आत वळणाऱ्या एका गावातली. नवरा मुंबईला कंपनीत, गणपतीला आणि शिमग्याला येणारा. घरामागच्या कातळावर तिने एकटीने काजूची कलमं लावली होती. कातळात खड्डा पाडायचा म्हणजे पहारीने खडक फोडायचा, खालून पाटीने माती आणायची, आणि मग चार उन्हाळे खालच्या पऱ्यावरून हंड्याने पाणी वाहायचं. पऱ्या म्हणजे ओढा, आणि उन्हाळ्यात तो ओढा कसला, चार डबकी. त्या वर्षी कलमांना पहिल्यांदा बी धरली होती.

शेजारची जमीन तिच्या चुलत दिराची. भाताच्या रोपासाठी आमच्याकडे जमीन भाजतात, पालापाचोळा पसरतात आणि पेटवून देतात. दिराने भर दुपारी वाऱ्याच्या तोंडाला पेटवलं आणि घरी गेला. आग बांध ओलांडून वर चढली. ही हिरव्या फांदीचा टाहाळा तोडून एकटी आग झोडपत राहिली. सगळी कलमं गेली.

हे सगळं ती शांतपणे सांगत होती, पोस्टात पत्ता सांगावा तसं. मी म्हटलं, आम्ही नर्सरीतून नवी रोपं मिळवून देऊ शकतो, दिरालाही भरून द्यायला सांगू. तेव्हा तिचा आवाज बदलला.

"रोपं मी आणीन. आग वाऱ्याची, तिचं मी सोडलं असतं. पण मी हाका मारीत होते, आणि भावजी पडवीत उभे राहून बघत होते. आले नाय. आता म्हणतात, मी घरातच नव्हतो, पालीला बाजारात होतो. सगळा गाव मला खोटी म्हणतो. मला एवढंच पायजे, त्यांनी माझ्या तोंडावर सांगायचं, बघत होतो म्हणून."

पोलिसात जायचं तिला नव्हतं. दीर आहे, म्हणाली. म्हणून तर ती पिठाच्या गिरणीचा जिना चढून आली होती.

सर आणि मी गावात गेलो. गावाचे मुख्य मानकरी सत्तरी ओलांडलेले गृहस्थ, सगळे त्यांना आबा म्हणतात. पांढराशुभ्र शर्ट, बोलणं लोण्यासारखं. आमचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, बैठक आपल्या देवळात घेऊ, देवासमोर कोण खोटं बोलणार? मला वाटलं, वा, माणूस मोठा समजूतदार आहे. लगेच होकार दिला. आणि तिथेच मी शेण खाल्लं.

त्या गावात गावकी देवळात बसली की बायका आत बसत नाहीत. बाहेर पाराशी उभ्या राहतात. हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी कोकणातच जन्मले, माझी आई अशीच उभी राहायची, डोक्यावर पदर घेऊन, आत काय ठरलं ते शेजारणीकडून ऐकायची. पण ज्यात जन्म गेला ते डोळ्यांना दिसेनासं होतं. मी देवळात शिरले तर माझ्यासाठी लाल प्लास्टिकची खुर्ची मांडलेली, ऐन पंख्याखाली. मी रत्नागिरीच्या ऑफिसातली मॅडम ना, मला बाई कोण मोजणार? आणि मीही बसले. थंडगार वारा लागला, कोकम सरबत आलं, बरं वाटलं. लिहिताना अजून कानशिलं तापतात.

मग आबा उठले. त्यांनी देवाला गाऱ्हाणं घातलं. "बा महाराजा, तुझ्या या लेकराकडून काय चूकभूल झाली असेल तर पोटात घाल, आणि सगळ्यांना सुखात ठेव." सगळ्यांनी एका सुरात "होय महाराजा" म्हटलं. सवयीने माझ्याही तोंडून आलं. दिराने नारळ ठेवला, देवापुढे डोकं टेकलं, आणि विषय संपला. पुरुषांचे चेहरे सैल झाले. सरांनी कागद केला, दिराने सही केली, आबांनी केली. आता तिची तेवढी राहिली. मी कागद आणि पेन घेऊन पायऱ्या उतरले.

ती पाराशी उभी होती, आणखी सात-आठ बायकांबरोबर. तिने कागद नीट वाचला. सातवी शिकलेली आहे ती, बोट ठेवून वाचते, पण एक अक्षर सोडत नाही.

"ह्यात चूकभूल लिवलंय. कसली चूक?"

मी कागद परत वरपासून खालपर्यंत बघितला.

"भावजींनी देवाला सांगितलं," ती म्हणाली. "देवाची कलमं जळली काय?"

तिने पेन माझ्या हातात परत दिलं. पाठीमागून कुणीतरी हट्टी म्हणालं. आबा देवळाच्या पायरीवर येऊन उभे राहिले होते, त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की ही बाई खोटं बोलते, हिचा डोळा दिराच्या बांधावर आहे, आणि देवाने चूक पोटात घातल्यावर हिला वेगळी माफी लागते कशाला. लोण्यासारखं बोलणं कुठल्या कुठे गेलं. ती बायकांमधून वाट काढत घराकडे चालायला लागली.

परतीच्या वाटेवर सरांच्या गाडीत मी हातखंब्यापर्यंत गप्प होते. माझ्या हिशेबाने हा विक्रमच. सर म्हणत होते, थोडं थांबू, गावाने निदान नारळ तरी ठेवला, हळूहळू तीही सही करील, अशा ठिकाणी एकदम सगळं मिळत नाही. चुकीचं बोलत नव्हते ते. पण माझं डोकं फिरलं.

"सर, आपला पहिला नियम कुठला? ज्याचं गेलं तो आधी बोलणार. ती बोलली कुठे? ती तर आतसुद्धा नव्हती. आणि मी आत खुर्चीवर बसून सरबत पीत होते."

आणि तो सह्या केलेला कागद मी टराटरा फाडला. सरांनी गाडी बाजूला घेतली. तुम्हाला हा अधिकार कुणी दिला, असं विचारलं. मी म्हटलं, कुणी नाही, घेतला. चार दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी आले आणि म्हणाले, बाई, परत जायचं असेल तर मी गाडी चालवीन. एवढा मोठा वकील, पण चूक कळल्यावर खळखळ केली नाही, म्हणून मी त्यांना मानते.

इकडे गावात तिचं जगणं कठीण झालं. वाळीत टाकलं असं कुणी म्हणालं नाही. तसं म्हटलं तर कायदा आहे, हे लोकांना पाठ आहे. नुसतं कुणी बोलेनासं झालं. लाकडं आणायला बायका तिला न सांगता निघून जायच्या. नळावर ती आली की गप्पा थांबायच्या. पाण्यात राहून माशाशी वैर धरलं, असं तिला एका म्हातारीने ऐकवलं. मुंबईहून नवऱ्याचा फोन आला, आपलेच दात आपलेच ओठ, सोड आता. तिने त्याला काय उत्तर दिलं ते मला तिनेच सांगितलं. म्हणाली, "मी म्हटलं, दात तुमच्या भावाचे नि ओठ माझे. तुम्हाला सोडायला काय जातं?"

मी दर रविवारी जायला लागले, एसटीने. माझाच जुना रूट. मी तिला काही शिकवायला जात नव्हते, बसून यायचे नुसती. कुणीतरी तिच्या दारात येतं हे गावाला दिसलं पाहिजे, एवढाच माझा हट्ट. आणि येताना दिराच्या घरी जायचे.

दीर काही राक्षस नव्हता, हे सांगायला हवं. पन्नाशीचा अबोल माणूस. मला पडवीत बसायला पाट दिला, चहा दिला. मी बाजारात होतो, हे त्याचं सांगून झालं. मी चहा पीत समोर बघत होते. पडवीतून वरचा कातळ असा समोर दिसत होता, काळे ठिक्कर बुंधे एकेक मोजून घ्यावेत इतका स्वच्छ. मी एवढंच म्हटलं, भाऊ, इथून सगळं दिसतं की. त्याने खाली मान घातली आणि कपबशी उचलून आत नेली. माझा चहा अजून संपला नव्हता.

तिसऱ्या रविवारी मी स्टॉपवर गाडीची वाट बघत होते, तर तो आला. शेजारी उभा राहिला. मग म्हणाला, हाक ऐकली होती. गेलो असतो तर आग माझी हे सगळ्यांना कळलं असतं. वाटलं, विझेल. विझली नाही. मग जायला तोंड राहिलं नाही, म्हणून बाजाराचं सांगितलं. आबांनी ते उचलून धरलं, आणि एकदा गाव आपल्या बाजूने झाल्यावर उलट फिरायला आणखी तोंड राहिलं नाही.

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का? मला खरं तर आनंद व्हायला हवा होता. पण मला त्याचा राग आला, आणि दयाही आली. मी त्याला सांगितलं, हे मला सांगून उपयोग नाही, हाक मी नव्हती मारली. तो म्हणाला, आबा म्हणतात देवासमोर मिटलेलं उकरून काढणं बरं नव्हे. मी म्हटलं, आबा काय म्हणतात ते आबांचं. तुम्हाला काय म्हणायचंय ते ठरवा, आणि म्हणायचं असेल तर वर कातळावर यायचं, जिथे जळलं तिथे. गाडी आली. चढता चढता मी वळून बघितलं तर तो तिथेच उभा होता.

आबांनी निरोप पाठवला की देवाच्या दारात झालेल्या गोष्टीचा हा अपमान आहे. मी स्वतः जाऊन त्यांना सांगितलं की देवाला मीही हात जोडते. पण माणसाला तोंड दाखवायचं नसतं म्हणून देवाच्या पाठीमागे लपायचं, ही भक्ती मला कुणी शिकवली नाही. या नाहीतर येऊ नका, बैठक होणार. सर बाजूला उभे होते, त्यांनी चष्मा पुसल्यासारखं केलं. हसत होते ते.

वैशाख संपत आला होता. सकाळी आठलाच कातळ तापायला लागला. मला वाटलं होतं पाच-सहा माणसं येतील, पण निम्मा गाव वर आला, काही तमाशा बघायला, काही आबांच्या पाठोपाठ. आणि बायका आल्या. कातळावर ना पायरी, ना उंबरठा. बायकांनी कुठे उभं राहायचं हे तिथे कुणी ठरवून ठेवलेलं नव्हतं. तरी सवयीने त्या मागेच थांबल्या. खुर्ची नव्हतीच.

आधी ती बोलली. तिने चालत चालत दाखवलं. इथून आग आली. इथे टाहाळा मोडला, दुसरा तोडला. इथे चप्पल वितळून पायाला चिकटली. इथे उभी राहून मी हाका मारल्या. आणि तिने खालच्या पडवीकडे बोट केलं. सगळ्यांनी वळून बघितलं. पडवी इतकी जवळ दिसत होती की दोरीवर वाळत घातलेला टॉवेल कुठल्या रंगाचा ते सांगता आलं असतं.

मग दीर पुढे आला. आबांकडे बघून सुरुवात केली, "आबा, झालं असं की..."

"भावजी," ती म्हणाली, "इकडं."

तो वळला. त्याची मान वर होईना. ती थांबली, घाई केली नाही. मीही केली नाही, आणि माझ्यासारखीला गप्प उभं राहणं किती जड जातं ते माझ्या ड्रायव्हरांना विचारा.

"वहिनी," तो म्हणाला, "मी पडवीत होतो. तुमची हाक ऐकली. बघत होतो मी. आलो नाय."

ती रडली नाही, त्याने पाया पडावं याची वाटही बघितली नाही. म्हणाली, पावसाच्या आधी खड्डे नव्याने साफ करायचे आहेत, पहार घेऊन या. तो येतो म्हणाला. माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि आम्ही विचारलंही नाही. ते तिचं ती बघेल.

आबांनी सुटकेचा श्वास टाकला. काठी उचलली आणि म्हणाले, झालं, मिटलं, चला आता, ऊन वाढलं.

"नाय मिटलं, आबा."

सगळे थबकले. ती आबांच्या समोर जाऊन उभी राहिली. त्या गावात आबांची वाट बाईने अडवलेली मी तरी ऐकलेली नाही.

"भावजी घाबरले, ते मला कळलं. पण ही खोटं बोलते, हिचा डोळा बांधावर हाय, हे भावजी नाय बोलले. तुम्ही बोललात. देवळाच्या पायरीवरनं, सगळ्यांच्या देखत."

सर माझ्या कानाशी आले. हे आजच्या बैठकीत नव्हतं, आबांना आधी विचारलेलं नाही, नियमाला धरून नाही, असं पुटपुटले. खरं होतं. पण माझ्या डोळ्यांसमोर तो पंखा फिरत होता. मी पुढे गेले आणि म्हटलं, आधी माझं घ्या. त्या दिवशी ही बाहेर उन्हात उभी होती आणि मी आत खुर्चीवर बसले. जिचं गेलं तिला न विचारता मी 'होय महाराजा' म्हणाले. माझं चुकलं. हे मी तिच्याकडे बघून बोलले.

तिने माझ्याकडे बघून मान हलवली. मग परत आबांकडे वळली. आता सगळा गाव आबांकडे बघत होता. आबा काठीच्या टोकाने कातळ टोकरत होते. शेवटी त्यांचे ओठ हलले, पण काय बोलले ते मला शेजारी उभी राहूनही कळलं नाही.

"मोठ्यानं बोला, आबा," ती म्हणाली. "बायका मागं उभ्या हायत."

आबांनी मान वर केली. आधी तिच्याकडे बघितलं, मग तिच्या खांद्यावरून मागे उभ्या असलेल्या बायकांकडे. घसा खाकरला, आणि गाऱ्हाणं घालताना लावतात त्या आवाजात म्हणाले, "ही खरं बोलत होती. खोटं आम्ही बोललो."